फवारणीवाल्याचा हिशेब कोण ठेवतं? धोक्याचं काम आणि खरं नेतृत्व

(आमच्या ताज्या भागाचं हे लेखी रूप. बोलताना झालेल्या पुनरुक्ती काढल्या आहेत, वाचायला सोपं जावं म्हणून मधे मथळे टाकले आहेत. बाकी भाषा बोलल्यासारखीच ठेवली आहे.)

मोर्शीहून बोलतोय.

पोळा जवळ आला की आपल्या भागात बाजारात झुली, घुंगरं, रंग दिसायला लागतात आणि वावरावावरातून पंपांचा आवाज यायला लागतो. पऱ्हाटी कमरेच्या वर गेलेली असते, पात्या-फुलं धरलेली असतात. तुरीला पाणी भेटलेलं असतं. संत्र्याच्या बागेत आंबिया बहाराची फळं पोसत असतात. पोळ्याच्या अमावास्येला बोंडअळीचा पतंग अंडी घालतो, म्हणून त्याच आठवड्यात सगळ्यांनाच फवारणी पाहिजे. आणि फवारणी करणारी माणसं गावात मोजकीच.

आजचा विषय आहे नेतृत्व. हा शब्द ऐकला की डोळ्यांसमोर आमदार येतो, सरपंच येतो, नाही तर एखाद्या मोठ्या कंपनीचा साहेब येतो. पण मला आज वेगळ्या नेतृत्वाबद्दल बोलायचं आहे. काम जिवावरचं आहे, ते करणारा माणूस दुसरा आहे आणि करवून घेणारा दुसरा आहे. अशा ठिकाणी करवून घेणाऱ्यानं नेमकं काय करायचं असतं? मजुरी दिली, चहा पाजला, म्हणजे जबाबदारी संपली का?

धोक्याचा उद्योग म्हटलं की आपण कोळशाची खाण म्हणतो, बारुदाचा कारखाना म्हणतो. ते खरंच आहे. अमरावती-नागपूर रस्त्यावर बाजारगावच्या स्फोटकांच्या कारखान्यात १७ डिसेंबर २०२३ ला स्फोट झाला, नऊ कामगार गेले, त्यात सहा बाया होत्या. तो रस्ता आपल्या रोजच्या जाण्यायेण्याचा आहे. पण आपल्या तालुक्यातला सगळ्यात मोठा धोक्याचा उद्योग कारखान्याच्या भिंतीआड चालत नाही. तो उघड्या वावरात चालतो, त्याला कोणी उद्योग म्हणत नाही, आणि त्यात वापरायच्या विषाला आपण ‘औषध’ म्हणतो.

२०१७ मध्ये काय झालं होतं

शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातलं २०१७ चं साल आठवा. त्या वर्षी शेंदरी बोंडअळीनं कापसाला घेरलं होतं. बीटी वाणाला अळी दाद देईना, म्हणून फवारण्या वाढल्या. दोन-दोन, तीन-तीन औषधं एकत्र करून मारणं सुरू झालं. पऱ्हाटी माणसाच्या उंचीला गेलेली, वारा कोंडलेला, हवा दमट, आणि पाठीवर बॅटरीचा, बारीक तुषार उडवणारा पंप. माणूस त्या ओळीतून चालतो तेव्हा तो झाडावर फवारत जातो आणि स्वतः त्याच धुक्यातून पुढे जातो.

पावसाळ्यातच यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात माणसं भरती व्हायला लागली. डोळ्यांना दिसेना, उलट्या, घाम, श्वास घ्यायला त्रास. राज्यभर आरडाओरड झाली ती सप्टेंबर संपून ऑक्टोबर लागताना. तोवर त्या एका जिल्ह्यात मृत्यूंचा आकडा वीसच्या आसपास गेला होता आणि शेकडो लोक दवाखान्यात जाऊन आले होते. गेलेल्यांत स्वतःच्या वावरात फवारणारे लहान शेतकरी होते, तसेच दुसऱ्याच्या वावरात रोजानं जाणारे मजूर होते. पुढे अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक नेमलं गेलं. मृतांच्या कुटुंबांना दोन-दोन लाखांची मदत जाहीर झाली. नंतर मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस-सायपरमेथ्रीनचं मिश्रण, डायफेन्थियुरॉन अशा पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर अमरावतीसह आपल्या भागातल्या जिल्ह्यांत तात्पुरती बंदीही आली.

या सगळ्या काळात एक वाक्य सारखं ऐकू येत होतं. “शेतकऱ्यांनी, मजुरांनी काळजी घेतली नाही. मास्क लावला नाही, हातमोजे घातले नाहीत.”

हे वाक्य पूर्ण खोटं नाही. पण ते अर्धं आहे, आणि दुसरा अर्धा भाग सांगितला नाही तर सगळा दोष मेलेल्या माणसावर जातो. तो दुसरा भाग समजायला आधी शरीरात काय होतं ते पाहू.

अंगात काय होतं

आपल्या नसा स्नायूंना निरोप पाठवतात. त्या निरोपाचा निरोप्या एक रसायन असतं, ॲसिटिलकोलिन. निरोप पोचला की त्याला लगेच पुसून टाकायचं काम एक विकर करतं, त्याचं नाव कोलिनेस्टरेज. पुसणारा जागेवर आहे म्हणून स्नायू आवळतो आणि पुन्हा सैल होतो.

मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, ॲसिफेट या ऑर्गनोफॉस्फेट गटातल्या औषधांचं काम म्हणजे या पुसणाऱ्याला बांधून टाकणं. अळी त्यानंच मरते. पण अळीची नस आणि माणसाची नस या बाबतीत फार वेगळी नाही. पुसणारा बांधला गेला की निरोप पुसले जात नाहीत, साचत जातात. मग तोंडाला लाळ सुटते, घाम फुटतो, डोळ्यांतून पाणी येतं, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, पोटात कळा येतात, दंडावरचं मांस फडफडतं. शेवटी श्वासाचे स्नायूच थकतात. डॉक्टर ॲट्रोपिन देतात, काही रुग्णांना प्रॅलिडॉक्झिम देतात, ते याचसाठी.

इथं दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट, हे विष फक्त नाका-तोंडानं जात नाही. फवारणाऱ्याच्या अंगात ते मुख्यतः कातडीतून जातं. पाठीवर पंप गळतो, शर्ट ओला होतो, तोच शर्ट दिवसभर अंगाला चिकटून राहतो. घामानं आणि उष्णतेनं कातडी विष आणखी लवकर ओढते. संत्र्याच्या बागेत तर नळी धरून वर फवारावं लागतं, त्यामुळे अर्धा तुषार परत चेहऱ्यावर आणि मानेवर येतो. तोंडाला दुपट्टा बांधला म्हणजे सुरक्षित झालो, हा आपला मोठा गैरसमज आहे. तो दुपट्टाच ओला झाला तर विष तोंडाशी धरून ठेवतो.

दुसरी गोष्ट आजच्या विषयाच्या गाभ्याशी आहे. कोलिनेस्टरेज एकदा खाली गेलं की रात्रीच्या झोपेनं भरून येत नाही. त्याला आठवडे लागतात. आज थोडं कमी झालं, उद्या आणखी थोडं, परवा आणखी. माणसाला काही जाणवत नाही आणि विसाव्या दिवशी एका साध्या फवारणीनं तो कोसळतो. गाव म्हणतं, “अरे, कालपर्यंत तर चांगला होता!”

मालकाचे दोन दिवस, मजुराचा महिना

आता गावातला हिशेब मांडून पाहा. समजा, एका शेतकऱ्याचं पाच एकर वावर आहे. त्याच्या वहीत फवारणी म्हणजे दोन दिवसांचं काम. तो म्हणतो, “दोन दिवसांत काय होते?” त्याच्या बाजूनं ते बरोबर आहे. पण फवारणारा गडी त्याच्याकडून निघून दुसऱ्याकडे जातो, तिथून तिसऱ्याकडे. ऑगस्ट-सप्टेंबरात तो सलग वीस-पंचवीस दिवस पंप पाठीवर घेतो. मालक पंधरा, पण शरीर एकच.

म्हणजे प्रत्येक मालकाला आपल्यापुरता धोका लहानच दिसतो. पूर्ण बेरीज फक्त त्या एका माणसाच्या रक्तात होत असते. ती कुठल्याच वहीत नसते. कृषी केंद्रात विकलेल्या डब्यांची नोंद असते. वावरात किती पंप मारले याची नोंद असते, कारण त्यावर मजुरी ठरते. माणूस सलग किती दिवस फवारतोय, याची नोंद कोणाकडेच नसते.

मला वाटतं, धोक्याच्या कामात नेतृत्व म्हणतात ते इथून सुरू होतं. जो हिशेब कोणाच्याच वहीत नाही, तो आपल्या वहीत घेणं. भाषण, सत्कार, फोटो हे त्याच्या नंतरचं.

किट वाटलं, म्हणजे झालं?

२०१७ नंतर सुरक्षा किटांचं वाटप बऱ्याच ठिकाणी झालं. चांगली गोष्ट आहे. पण सुरक्षेच्या शास्त्रात उपायांची एक उतरंड असते आणि किट त्या उतरंडीत सगळ्यात शेवटी येतं, हे सांगायचं राहून जातं.

सगळ्यात वरचा उपाय म्हणजे धोकाच टाळणं. फवारणी खरंच लागते का ते आधी बघणं. शेंदरी बोंडअळीसाठी एकरी दोन कामगंध सापळे लावायचे. सलग तीन रात्री एका सापळ्यात आठ किंवा जास्त पतंग आले, तर नुकसानीची पातळी गाठली असं धरायचं, हे कृषी खातं आणि विद्यापीठ वर्षानुवर्षं सांगत आलं आहे. सापळा न बघता शेजाऱ्यानं मारलं म्हणून आपण मारलं, तर ती एक फवारणी पिकाला फुकट आणि माणसाला महाग.

त्याखालचा उपाय म्हणजे कमी धोक्याचं वापरणं. सुरुवातीला पाच टक्के निंबोळी अर्क. रासायनिक घ्यायचंच तर डब्यावरचा त्रिकोण बघून. लाल म्हणजे अति विषारी, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा सगळ्यात सौम्य. हा उपाय सरकारच्या हातातही असतो. २०१३ मध्ये बिहारमध्ये शाळेच्या जेवणात मोनोक्रोटोफॉस गेलं आणि २३ लेकरं दगावली. त्याच औषधाच्या ३६ टक्के द्रवरूप प्रकारावर केंद्राचा बंदीचा आदेश निघाला तो २०२३ मध्ये.

त्याखाली अवजार येतं. न गळणारा पंप, चांगला नोझल, लांब दांडी, जमलं तर ट्रॅक्टरचा ब्लोअर. आता ड्रोनही आले आहेत. पण ड्रोनचं औषध कालवायला कोणीतरी माणूस लागतोच, आणि कालवताना हातात असतं ते पाणी न घातलेलं, सगळ्यात कडक विष.

त्याखाली कामाची पद्धत. सकाळी आणि संध्याकाळी फवारायचं, दुपारच्या उन्हात नाही. वाऱ्याला पाठ देऊन. सलग दिवस मोजून.

आणि सगळ्यात शेवटी किट. कारण वरचे चारही उपाय करूनही जे उरतं, त्याच्यासाठी ते असतं. ऑक्टोबर हिटमध्ये प्लास्टिकचा बंद कोट घालून कोणी दोन तास चालून दाखवावं. मजूर तो काढून धुऱ्यावर ठेवतो तो मस्ती म्हणून नाही, जीव घाबरतो म्हणून. वरच्या चार पायऱ्या करायच्या कोणी? मालकानं, कृषी केंद्रानं, खात्यानं, सरकारनं. मजुराच्या हातात फक्त पाचवी पायरी आहे. आणि दोष मात्र आपण पाचव्या पायरीलाच देतो.

ॲल्युमिनियमच्या कारखान्यातला साहेब

थोडं बाहेर जाऊन येऊ, कारण तिथलं एक उदाहरण इथं उपयोगी पडतं.

अमेरिकेत अल्कोआ नावाची ॲल्युमिनियमची फार मोठी कंपनी आहे. वितळलेला धातू, मोठमोठी यंत्रं, जिवावरचं काम. १९८७ मध्ये पॉल ओ’नील नावाचे गृहस्थ तिचे प्रमुख झाले. गुंतवणूकदारांसमोरच्या पहिल्याच भाषणात त्यांनी नफ्यावर बोलायच्या ऐवजी सांगितलं की माझं पहिलं लक्ष्य कामगाराला इजा न होणं हे आहे. ऐकणारे चक्रावले. काहींनी तर कंपनीचे शेअर विकून टाका असा सल्ला दिला.

सहा महिन्यांत ॲरिझोनातल्या एका कारखान्यात एक तरुण कामगार गेला. अडकलेलं यंत्र सुरू करायला तो सुरक्षेची भिंत ओलांडून आत उतरला आणि यंत्राचा दांडा डोक्यात बसला. ‘नियम मोडला, स्वतःच्या चुकीनं गेला’ असं म्हणून फाईल बंद करता आली असती. ओ’नील यांनी वरच्या सगळ्या अधिकाऱ्यांना बोलावलं आणि सांगितलं की या माणसाला आपण मारलं आहे, हे माझ्या नेतृत्वाचं अपयश आहे. मग ते शोधायला लागले: त्या पोराला भिंत ओलांडावीशी का वाटली? तसं करू नको असं त्याला कोणी का सांगितलं नाही? यंत्र थांबवणं इतकं अवघड का होतं?

पुढे त्यांनी नियम केला की कुठेही कोणाला इजा झाली तर चोवीस तासांत त्यांना कळलं पाहिजे आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार तेही कळलं पाहिजे. आता वरच्या माणसाला चोवीस तासांत कळायचं तर त्याला खालच्याचं ऐकावंच लागतं. त्यामुळे वर्षानुवर्षं गप्प असलेले कामगार बोलायला लागले, आणि ते फक्त इजेबद्दल बोलले नाहीत, काम चांगलं कसं होईल तेही त्यांनी सांगितलं. कामाचा दिवस बुडवणाऱ्या इजा दर शंभर कामगारांमागे वर्षाला जवळपास दोन होत्या, त्या ०.२ पर्यंत खाली आल्या. आणि २००० साली ते बाहेर पडले तेव्हा कंपनीचा नफा त्यांनी सुरुवात केली तेव्हाच्या पाचपट होता.

याच्या उलट उदाहरण आपल्याच देशात आहे, आणि तेही कीटकनाशकाच्याच कारखान्यातलं. भोपाळ. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री वायू सुटला, पण इशारे आधीच मिळाले होते. १९८१ च्या डिसेंबरात त्याच कारखान्यात फॉस्जीन वायूनं एक कामगार गेला होता. गळतीच्या घटना घडत होत्या, कामगार संघटना ओरडून सांगत होती. धोका सगळ्यात आधी ज्यांना दिसला, त्यांचं म्हणणं वर जाऊन निर्णय होईपर्यंत पोचलंच नाही.

दोन्हीकडे एकच गोष्ट दिसते. यंत्राजवळ उभ्या माणसाला सगळ्यात जास्त माहिती असते आणि सगळ्यात कमी अधिकार असतो. चांगला नेता हे अंतर कमी करतो. कामगाराची किंमत करणं याचा खरा अर्थ मला तरी हाच वाटतो. सत्काराची शाल महिनाभर टिकते. त्याचं ऐकून काम बदललं, तर त्याला कळतं की आपल्या शब्दाला किंमत आहे.

“दोनच पंप राह्यले ना”

आता परत वावरात येऊ. समजा, दुपारचे साडेबारा झाले आहेत आणि फवारणारा गडी धुऱ्यावर येऊन म्हणतो, “मालक, डोयात आग होऊन राह्यली. गरगरल्यासारखं वाटते.”

एक मालक म्हणतो, “दोनच पंप राह्यले ना बे. मारून घे, मंग बस सावलीत.”

दुसरा म्हणतो, “ठेव तो पंप खाली. कपडे काढ, साबण लावून अंग धू. बाकीचं उद्या पाहू. आजची मजुरी पूर्ण भेटन, कायजी नको करू.”

दोघंही वाईट माणसं नाहीत. पहिल्याला आभाळ भरलेलं दिसतंय, औषध कालवून ठेवलंय, उद्या मजूर भेटेल की नाही माहीत नाही. पण फरक बघा. दुसऱ्याच्या बोलण्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य मजुरीचं आहे.

कारण आपल्याकडे फवारणी बहुतेक ठिकाणी पंपाच्या दरानं होते. जेवढे पंप, तेवढे पैसे. म्हणजे थांबला की नुकसान त्याचंच. अशा माणसाला “त्रास झाला तर थांब रे” असं सांगणं म्हणजे नुसती तोंडपाटीलकी झाली. थांबायचा अधिकार तेव्हाच खरा होतो, जेव्हा थांबण्याची किंमत सांगणारा भरतो.

मालकानं करायच्या गोष्टी खर्चिक नाहीत. मी सांगतो त्या कोणत्याही पाच एकरवाल्याला जमण्यासारख्या आहेत.

फवारणी रोजानं द्या, पंपावर नको. दिलीच पंपावर, तर त्रास झाल्यास दिवसाची मजुरी पूर्ण, हे आधी, सगळ्यांसमोर सांगा.

काम सुरू व्हायच्या आधी विचारा, “काल कुठं होता? परवा कुठं?” सलग आठ-दहा दिवस फवारत असेल तर त्याला निंदणाला किंवा दुसऱ्या कामाला लावा आणि पंप दुसऱ्याला द्या.

धुऱ्यावर पाण्याचा एक वेगळा ड्रम आणि साबण ठेवा. हा प्यायचा नाही, औषधात घालायचा नाही, फक्त अंग धुवायचा. खर्च एका साबणाच्या वडीचा.

औषध स्वतः उभं राहून कालवा. हातमोजे घालून, काडीनं, लेबल वाचून. दुकानदारानं सांगितलं म्हणून तीन डबे एका ड्रममध्ये ओतू नका. आणि डबा, पुडी दिवस संपेपर्यंत फेकू नका. दवाखान्यात जायची वेळ आली तर डॉक्टरला पहिल्यांदा तेच पाहिजे असतं.

आणखी एक गोष्ट नेहमी सुटते. फवारणीत बायाही असतात. पंप भरायला पाणी त्या आणतात, ओले कपडे घरी त्याच धुतात. ते कपडे लेकरांच्या कपड्यांत टाकू नका, वेगळे धुवा, धुताना हातमोजे घाला. सुरक्षेचं सांगताना घरच्या बाईलाही समोर बसवा.

“पण मालकाचीच परिस्थिती काय?”

आता काही जण म्हणतील, ओ’नीलचं ठीक आहे भाऊ, त्याच्यामागे मोठी कंपनी होती. इथं कापसाच्या भावाचा पत्ता नाही, संत्रा गळून राह्यला, कर्ज डोक्यावर. आमच्याच पाठीवर पंप आहे, तर आम्ही कोणाचं नेतृत्व करायचं?

हे म्हणणं खरं आहे. लहान शेतकरी मालकही असतो आणि मजूरही. म्हणून सगळा भार त्याच्यावर टाकून चालणार नाही. या साखळीत त्याच्या वर बसलेली माणसं आहेत, आणि नेतृत्वाचा प्रश्न त्यांनाही लागू आहे.

कृषी केंद्रवाला घ्या. आपल्या भागात शेतकऱ्याचा पहिला सल्लागार तोच असतो. तो पाच मिनिटांत ठरवतो की वावरात लाल त्रिकोण जाणार की हिरवा. कृषी सहायक घ्या. गावात सापळ्यांतले पतंग मोजून “या आठवड्यात फवारणीची गरज नाही” असा मेसेज त्यानं टाकला तर शेकडो पंप वाचतात. दवाखान्यातला डॉक्टर घ्या. एकाच आठवड्यात फवारणीचे तीन रुग्ण आले तर तो फक्त रुग्णांचा आकडा नाही, तो इशारा आहे, आणि तो त्याच दिवशी वर गेला पाहिजे. २०१७ मध्ये पहिला रुग्ण आणि सरकारी धावपळ यांच्यात जो वेळ गेला, तो वेळ माणसांचा होता.

कायद्याचं बोलायचं तर १९६८ चा कीटकनाशक कायदा आहे आणि त्याखालचे १९७१ चे नियम आहेत. कामगारांचे संरक्षक कपडे, प्रथमोपचार, प्रशिक्षण याबद्दल त्या नियमांत तरतुदी आहेत. म्हणजे पन्नास वर्षांपासून कागदावर सगळं आहे. वावराच्या धुऱ्यावर त्यातलं काय पोचलं, ते आपण पाहतोच.

आणि एक मोठं भगदाड आहे. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची शेतकरी अपघात सानुग्रह अनुदान योजना आहे. अपघाती मृत्यू झाला तर कुटुंबाला दोन लाख. फवारणीची विषबाधाही त्यात बसते. पण ही योजना सातबारावर नाव असलेल्या खातेदारासाठी आणि त्याच्या घरातल्या एका सदस्यासाठी आहे. ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, जो दुसऱ्याच्याच वावरात वीस दिवस पंप पाठीवर घेतो, त्याचं काय? सगळ्यात जास्त धोका घेणारा माणूस या योजनेच्या दारातच अडतो, कारण त्याच्याकडे सातबारा नाही. कामगाराची किंमत आपण किती करतो, हे मोजायला यापेक्षा वेगळं माप लागत नाही.

एक वही

या सगळ्यातून एकच गोष्ट करायची ठरवली तर काय करावं? माझं म्हणणं साधं आहे. गावात एक वही ठेवा.

ग्रामपंचायतीत ठेवा, शेतकरी गटाकडे ठेवा, कृषी केंद्रात ठेवा, जिथं जमेल तिथं. गावात फवारणी करणारे जे काही पंधरा-वीस लोक असतील त्यांची नावं लिहा. कोण कोणत्या तारखेला कोणाकडे गेला, काही त्रास झाला का, एवढंच. सलग दहा दिवस भरले की त्या नावासमोर खूण करा आणि गावानं ठरवून त्याला काही दिवस पंपापासून दूर ठेवा, पण कामापासून नाही. त्याला दुसरं काम द्यायची जबाबदारी ज्या पंधरा मालकांनी त्याला वापरलं, त्या सगळ्यांची मिळून.

यानं कोलिनेस्टरेज मोजलं जात नाही, ती तपासणी रक्ताचीच. पण पंधरा वहींत विखुरलेला हिशेब एका वहीत येतो. आणि ज्या माणसाचं नाव गावाच्या वहीत आहे, त्याला निदान कळतं की आपला जीव कोणीतरी मोजतंय.

जाता जाता, वेळेला उपयोगी पडेल म्हणून सांगतो. फवारताना कोणाला चक्कर, उलटी, अंधुक दिसणं, खूप घाम किंवा लाळ, श्वासाला त्रास असं काहीही झालं, तर पहिल्यांदा त्याला फवारलेल्या वावरातून बाहेर काढा. सगळे कपडे काढा, साबण-पाण्यानं अंग आणि केस धुवा, डोळ्यांत गेलं असेल तर स्वच्छ पाण्यानं बराच वेळ डोळे धुवा. मदत करणाऱ्यानंही हातमोजे किंवा पिशव्या हाताला बांधाव्या. जबरदस्तीनं उलटी करवू नका, दूध-तूप पाजू नका. १०८ ला फोन लावा किंवा मिळेल त्या गाडीनं उपजिल्हा रुग्णालयात न्या, आणि औषधाचा डबा सोबत न्या. घरगुती उपायात घालवलेला एक तास इथं फार महाग पडतो. आणि बरा होऊन घरी आला तरी डॉक्टरला विचारल्याशिवाय त्या हंगामात परत पंप पाठीवर देऊ नका.

हा भाग तुमच्या गावातल्या फवारणीवाल्याला ऐकवा, पण त्याच्याआधी मालकाला ऐकवा. कारण पाचवी पायरी मजुराची असली तरी वरच्या चार आपल्या आहेत.

पुढच्या भागात भेटू. तोवर जपून राहा, आणि पोळ्याच्या शुभेच्छा.